पाच वर्षं कुरणाला फक्त युरिया दिला, आता गवत पातळ होतंय. शेणखत आणि रासायनिक कसं जुळवू?

हिरवा_पट्टा

नमस्कार मंडळी. ४ एकर कुरण आहे, मिश्र गवत, ७ गाई आणि थोडी वासरं. २ एकरात जनावरं चरतात आणि २ एकर कापून, वाळवून वैरण करून ठेवतो. पाच वर्षं झाली मी प्रत्येक कापणीनंतर एकरी ४०-४५ किलो युरिया टाकतोय आणि दुसरं काहीच नाही, कारण युरिया पडला की आठवड्याभरात गवत काळंभोर हिरवं व्हायचं, ते बघूनच बरं वाटायचं. पहिली दोन वर्षं तर गवत कमरेला लागत होतं. आता तेवढाच युरिया टाकतो, हिरवं होतं पण वाढतच नाही, मध्ये मध्ये उघडी माती दिसायला लागलीय, तण घुसलंय, आणि गवतात शेंगवर्गीय मिसळून पेरलं होतं ते कापणीच्या भागातून जवळजवळ गेलंच. चरायच्या भागात अजून आहे पण तेही ठिपक्याठिपक्यांनी, जिथे गाईंनी मूत्र केलेलं असतं तिथेच जोमात दिसतं, बाकी पानांच्या कडेला पांढुरके ठिपके.

गोठ्यामागे शेणखताचा मोठा ढीग आहे, तो आजवर दुसऱ्या पिकांनाच गेला. आता विचारायचंय ते असं की शेणखत टाकलं तर युरिया बंद करायचा का, दोन्ही चालतं का, किती आणि कधी टाकायचं, आणि टाकल्यावर जनावरं किती दिवसांनी आत सोडायची. एक जण म्हणतो रासायनिकाने माती मेली, दुसरा म्हणतो शेणखताने गवताला काही होत नाही. मला खरंच कळेनासं झालंय आणि कुरण डोळ्यासमोर जाताना बघवत नाही.

उकिरडा_ते_कुरण

दादा, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. मूत्राच्या जागी शेंगवर्गीय जोमात आणि बाकीकडे पानांच्या कडेला पांढुरके ठिपके, हे पालाश (पोटॅशियम) कमी पडल्याचं लक्षण वाटतंय. जनावराच्या मूत्रात पालाश भरपूर असतो, म्हणून तेवढ्याच जागेवर ते टिकून आहे.

आता हिशेब बघा. १ टन वाळलेली वैरण शेतातून उचलली की तिच्याबरोबर साधारण २० किलो नत्र (नायट्रोजन), ५-६ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि २० किलोच्या आसपास पालाश जातो, गवत कोवळं कापलं तर जास्तच. समजा तुम्ही एकरी वर्षाला ३ टन काढता, तर पाच वर्षांत एकरामागे ३०० किलो पालाश गोठ्यात आला आणि परत गेला शून्य, कारण युरियात ४६ टक्के नत्र आहे आणि बाकी पिकाच्या कामाचं काही नाही. पहिली दोन वर्षं गवत उठलं ते मातीतल्या साठ्यावर. युरियाने तो साठा जास्त वेगाने उपसला एवढंच झालं, युरिया वाईट आहे असं नाही.

म्हणून मी रासायनिक की सेंद्रिय हा प्रश्न आधी विचारतच नाही. आधी बघायचं की त्या तुकड्यातून बाहेर काय गेलं. चरायच्या भागात गाय जे खाते त्यातलं पाऊण भागापेक्षा जास्त नत्र-पालाश शेण-मूत्रातून तिथेच पडतं, फक्त पडतं एका जागी. एका मूत्राच्या डागावर हेक्टरी हिशेब लावला तर ५०० ते १००० किलो नत्र पडलेलं असतं आणि दोन पावलांवर काही नाही. सावलीखाली, पाण्याच्या हौदाजवळ, फाटकाशी सगळं गोळा होतं. तिथे खत विकत आणून टाकण्याआधी हौदाची जागा बदला, कुरणाचे भाग पाडून जनावरं फिरवत ठेवा, तेच शेणमूत्र सगळीकडे पसरेल. आणि तुमचा ढीग मात्र सगळाच्या सगळा कापणीच्या २ एकरात गेला पाहिजे, कारण तो ढीग त्याच २ एकरातून आलाय. इतकी वर्षं एका शेतातून काढून दुसऱ्याला दिलंत.

आकडे सांगतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र, पाव टक्क्याच्या आत स्फुरद आणि अर्धा टक्का पालाश धरा. एकरी ५ टन टाकलं तर २५ किलो नत्र, १०-१२ किलो स्फुरद, २५ किलो पालाश. यातला पालाश बराचसा पहिल्याच वर्षी मिळतो, पण नत्र पाव ते एक तृतीयांशच, म्हणजे ७-८ किलो, बाकीचं हळूहळू पुढच्या वर्षांत. आणि गवताला ३ टनासाठी ६० लागतं. म्हणून नुसत्या शेणखतावर गेलात तर पहिल्या वर्षी गवत पिवळट दिसणार आणि तुम्ही म्हणणार शेणखताने काही होत नाही. ती तूट युरियाने भरा, पण थोडी थोडी, कापणी झाली की एकरी २० किलो नत्र म्हणजे ४४ किलो युरिया, असं दोनदा-तीनदा. पालाशाची ३५ किलोची तूट राहते ती पोटॅशमधून, त्यात ६० टक्के पालाश असतो, म्हणजे ५८ किलोच्या आसपास, तेही दोन हप्त्यांत. गवताची खोड अशी की पालाश एकदम दिला तर गरज नसतानाही ओढून घेतं, पहिल्या कापणीबरोबरच सगळा निघून जातो आणि पुढच्या कापणीला परत उपाशी. पण हे सगळं माती तपासून, मी अंदाजावर बोलतोय.

शेणामातीचा_माणूस

माझं स्पष्ट मत, युरिया एकदम बंद करा. मी माझ्या कुरणाला १२ वर्षं शेणखत आणि पातळ स्लरी (शेण-मूत्राचा काला) सोडून काही दिलेलं नाही, गांडुळं एवढी आहेत की फावडं मारलं की दिसतात, पावसाचं पाणी उभं राहत नाही, आणि शेंगवर्गीय गवताच्या बरोबरीने आहे. नत्र फुकट हवेतून मिळतंय मुळावरच्या गाठींमुळे, मग पोत्यातून कशाला टाकायचं? उलट नत्राचं खत टाकलं की गवत माजतं, शेंगवर्गीयावर सावली धरतं आणि ते मरतं. तुमचं असंच गेलं.

माती_लॅबवाला

वरच्या दादांचं शेंगवर्गीयाबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर. कुरणात तिसरा हिस्सा शेंगवर्गीय असेल तर नत्राचं खत टाकण्याची फारशी गरजच उरत नाही, आणि टाकलं तर त्या गाठी आळशी होतात. पण त्यांचं कुरण १२ वर्षांत घडलंय आणि मुळात शेंगवर्गीय तिथे टिकून होतं. ज्याच्याकडे ते उरलेलंच नाही त्याने आज युरिया बंद केला तर यंदा वैरण कुठून येणार? शेंगवर्गीय परत आणायचं तर आधी त्याला स्फुरद, पालाश आणि आंबट नसलेली माती द्यावी लागेल.

आणि आंबटपणावरून एक जुना प्रयोग सांगतो, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेड इथे १८५६ मध्ये एका गवताच्या कुरणाचे पट्टे पाडून वेगवेगळी खतं द्यायला सुरुवात केली आणि तो प्रयोग आजही चालू आहे. ज्या पट्ट्यांना काही दिलं नाही तिथे ३५-४० जातींची झाडं अजून आहेत, उत्पन्न कमी पण विविधता टिकलेली. ज्यांना वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलं आणि चुना दिला नाही तिथे मातीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) ४ च्याही खाली गेला, जाती उरल्या दोन-तीन, गांडुळं संपली आणि वर न कुजलेल्या काडीकचऱ्याची गादी साचली. पण लक्षात घ्या, तिथेच बाजूला सोडियम नायट्रेट दिलेले पट्टे आहेत, तेही पोत्यातलंच खत, तिथे माती तशी आंबट झाली नाही. म्हणजे रासायनिक म्हणून माती मेली असं सरसकट म्हणता येत नाही, कुठलं खत, त्याने पीएचचं काय होतंय आणि ते सावरायला आपण काय केलं, हे बघावं लागतं. युरियाही मातीत नायट्रेट होताना आम्लता सोडतो, अमोनियम सल्फेटपेक्षा कमी, पण सोडतो. पाच वर्षं टाकलाय तर पीएच बघाच.

नमुना नीट घ्या, अर्धे रिपोर्ट इथेच बिघडतात. चरायचा भाग वेगळा, कापणीचा वेगळा. नागमोडी चालत १५-२० ठिकाणची माती, कुरणात वरचे १० सेंटीमीटर पुरेत, वरचं गवत खरडून टाका. शेणाचे पो, मूत्राचे गडद हिरवे डाग, झाडाखालची जागा, हौद, फाटक हे सगळं सोडा. खत टाकून दोन महिने तरी झालेले असावेत. बादलीत मिसळा आणि त्यातलं अर्धा किलो द्या.

गोठ्यातली_ताई

मी थोडं हाताने केलेल्या कामाचं सांगते, कारण शेणखत म्हटलं की सगळे टनात बोलतात पण ढिगात काय आहे हे कोणी बघत नाही.

दादा तुमचा ढीग उघड्यावर पावसात आहे का? असेल तर त्यातला पालाश आणि नत्र काळ्या पाण्याबरोबर वाहून गेलेला असणार, उरलाय तो चोथा. पालाश मूत्रात असतो आणि मूत्र आपण गोठ्यातून धुऊन नाल्यात सोडतो, इथेच खरं नुकसान होतं. मी गोठ्यात जाड काडाचं अंथरूण घालते, ते मूत्र पिऊन घेतं, ओलं झालं की ढिगावर, ढिगाला वर झाकण आणि खाली पक्की जमीन. त्या एका बदलाने माझ्या खताचा रंग, वास, वजन सगळं बदललं आणि पोटॅश विकत आणणं निम्म्यावर आलं.

दुसरं, कच्चं शेणखत कुरणात टाकू नका. एक तर गवत त्याखाली गुदमरतं आणि गाई त्या वासाला तोंड लावत नाहीत, दुसरं म्हणजे तणाचं बी गाईच्या पोटातून जिवंत बाहेर येतं. ढीग नीट रचला, ओल ठेवली, दोन-तीन वेळा उलटवला आणि आतली उष्णता ५५ अंशाच्या वर काही दिवस राहिली तर बरंचसं बी मरतं. मी लोखंडी कांब खुपसून ठेवते, काढल्यावर हाताला सहन होत नाही इतकी गरम लागली की समजते काम चालू आहे. टाकताना पातळ आणि बारीक फोडून, गवताची पाती वर दिसली पाहिजेत. कापणी झाल्या झाल्या टाकायचं, वाढलेल्या गवतावर नाही.

स्लरी असेल तर संध्याकाळी, ढगाळ हवेत, पाणी मिसळून पातळ करून. भर उन्हात वाऱ्यात टाकली तर अमोनिया पहिल्या दिवसातच उडून जातो, नाकाला जो झणका येतो ना ते तुमचं नत्रच आहे. युरियाचंही तेच, ओलसर गवतावर टाकला आणि नंतर कोरडं ऊन पडलं तर बराच उडून जातो, टाकल्यावर एक-दोन दिवसांत १२-१५ मिलिमीटर पाऊस किंवा तेवढं पाणी मिळालं तर तो जमिनीत उतरतो.

आणि एक मनापासून सांगते, बाहेरून शेणखत आणणार असाल तर विचारून घ्या की त्या जनावरांनी खाल्लेल्या वैरणीवर कुठलं तणनाशक मारलं होतं. रुंद पानाच्या तणांवरची अमिनोपायरालिडसारखी काही औषधं गवतातून गाईच्या पोटात, तिथून शेणात आणि कुजल्यावरही खतात टिकून राहतात. माझ्या एका पट्ट्यात असं खत पडलं, गवताला काही झालं नाही पण शेंगवर्गीयाची पानं आखडून वेडीवाकडी झाली आणि तो पट्टा पुढच्या वर्षीही सावरला नाही. तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

हिरवा_पट्टा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ताई, ढीग उघड्यावरच आहे आणि मूत्र नाल्यातच जातं, वाचून पोटात कालवलं. मातीचा रिपोर्ट आणला. कापणीचा भाग पीएच ५.३, पालाश कमी, स्फुरद मध्यम. चरायचा भाग पीएच ५.९, पालाश मध्यम, स्फुरद मध्यम. चुना किती टाकू, आणि शेणखताबरोबरच टाकला तर एका फेरीत काम होईल का?

माती_लॅबवाला

नाही, एका फेरीत अजिबात नको. चुना आणि शेणखत किंवा चुना आणि युरिया एकत्र आले की अमोनिया उडतो. आधी चुना, मग काही आठवडे आणि एक-दोन चांगले पाऊस जाऊ द्या, नंतर शेणखत. चुना म्हणजे शेतीचा चुनखडीचा बारीक भुगा, भिंतीला लावायचा जळका चुना नव्हे. प्रमाण जमिनीच्या पोतावर आहे, हलक्या वाळूसर जमिनीला कमी, भारी चिकण जमिनीला जास्त, रिपोर्ट दिला तिथेच चुन्याची गरज काढून मागा. उभ्या कुरणात नांगरट करता येत नाही, वरूनच पडणार, म्हणून एका वेळी एकरी २ टनांच्या वर जाऊ नका, जास्त लागला तर दोन वर्षांत विभागून. वरून टाकलेला चुना खाली उतरायला महिने लागतात, पुढच्या कापणीला फरक नाही दिसला म्हणून खचू नका. कापणीच्या भागात ६ च्या पुढे पीएच गेला की मगच शेंगवर्गीयाचं बी टाका, रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) लावून, आत्ता टाकलंत तर बी वाया जाईल. चरायच्या भागाला पोटॅश नको. स्फुरदासाठी सुपर फॉस्फेट थोडं दिलंत तर त्यात ११-१२ टक्के गंधकही मिळतं, शेंगवर्गीयाला दोन्ही मानवतात.

जनावरांची_डॉक्टर

गवताबद्दल सगळे बोलले, मी जनावरांबद्दल बोलते, कारण खताची चूक शेवटी गोठ्यात येते.

युरिया टाकल्यावर किमान २ ते ३ आठवडे जनावरं सोडू नका, आणि शेणखत किंवा स्लरीनंतर ३-४ आठवडे आणि पावसाने पानं धुऊन निघेपर्यंत. वासरांना तर त्या हंगामात त्या भागात नेऊच नका, मोठ्या जनावरांच्या शेणातून जाणारा जोन्स रोग (आतड्याचा जुनाट आजार) लहान वयातच लागतो आणि दिसतो कित्येक वर्षांनी, तेव्हा काही करता येत नाही.

नायट्रेटची भीती खरी आहे. भरपूर नत्र टाकलं आणि मग पावसाने ओढ दिली, गवत सुकलं, थांबलं, तर ते नायट्रेट खोडात खालच्या भागात साठवतं. पहिला पाऊस पडून गवत एकदम उठतं तेव्हाही धोका असतो. कोठीपोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. जनावर धापा टाकतं, झोकांड्या खातं, हिरड्या निळसर-तपकिरी होतात, रक्त चॉकलेटी दिसतं. तासाभराचा खेळ असतो, लगेच डॉक्टरला बोलवा, मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर वाचतं. वाळवल्याने नायट्रेट जात नाही हे लक्षात ठेवा, दुष्काळी गवताची वैरण केली असेल तर खाऊ घालण्याआधी तपासून घ्या. अशा वेळी उपाशी जनावर कुरणात सोडायचं नाही, आधी थोडी सुकी वैरण, आणि खालपर्यंत खुडू द्यायचं नाही.

पोटॅशबद्दल वर सांगितलं तसं विभागूनच द्या आणि कापणीच्याच भागात. थंड ढगाळ हवेतल्या कोवळ्या गवतावर पालाश आणि नत्र दोन्ही जास्त झालं की गाईच्या अंगात मॅग्नेशियम शिरत नाही. नुकत्याच व्यालेल्या, वयस्क, दुधाच्या गाई थरथरतात, अडखळतात, आचके देत पडतात, कधीकधी सकाळी थेट मेलेलीच सापडते.

आणि पोतं. कृपा करून युरियाचं पोतं फाटकाशी उघडं ठेवू नका, स्प्रेडर भरताना सांडलेला ढीग तसाच सोडू नका. चवीला खारट म्हणून गाय चाटते आणि थोड्या वेळात पोट फुगून, लाळ गाळत, थरथरत पडते. मी अशी गाय हातात जाताना पाहिलीय, पोतं पाच मिनिटं उघडं राहिलं होतं. डॉक्टर येईपर्यंत व्हिनेगर भरपूर थंड पाण्यात मिसळून पाजतात, पण जनावर गिळू शकत असेल तरच, आडवं पडलेल्याच्या घशात ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

हिरवा_पट्टा

डॉक्टर मॅडम, पोत्याचं वाचलं आणि लगेच उठून जाऊन आतल्या खोलीत कुलूप लावून आलो, खरंच फाटकाशीच होतं.

आता असं ठरवतोय. आधी कापणीच्या २ एकरात चुना, मग दीड-दोन महिन्यांनी कापणी झाली की झाकून कुजवलेलं शेणखत एकरी ५ टन, पोटॅश दोन हप्त्यांत, युरिया एकरी ४४ किलो पण पाऊस बघूनच. चरायच्या भागात युरिया बंद, हौद हलवायचा, थोडं सुपर. गोठ्यात अंथरूण उद्यापासून. यात काही चुकतंय का? आणि फरक पडला की नाही हे मला कळणार कसं, हिरवेपणाला मी एकदा फसलोय.

उकिरडा_ते_कुरण

बरोबर आहे सगळं. शेणखत टाकल्या टाकल्या लगेच त्यावर युरिया नको, आठ-दहा दिवस जाऊ द्या, शेणावर पडलेला युरिया जास्त उडतो.

आणि कळण्यासाठी कापणीच्या भागात चार पट्टे आखा, खुंट्या मारून. एकात काहीच नाही, एकात फक्त युरिया जसा आजवर टाकत होतात, एकात फक्त शेणखत, एकात शेणखत-युरिया-पोटॅश सगळं. चुना मात्र चारही पट्ट्यांना. प्रत्येक कापणीला प्रत्येक पट्ट्यातलं १ चौरस मीटर गवत वेगळं कापा, वाळवा, वजन करून वहीत लिहा, आणि त्याच चौकटीत शेंगवर्गीयाची किती रोपं आहेत ती मोजा. पहिल्या कापणीला युरियाचा पट्टा कदाचित बाकीच्यांच्या पुढे दिसेल, तेव्हा घाबरून बाकीकडे युरिया वाढवू नका. तिसऱ्या-चौथ्या कापणीची वजनं इथे टाका, मला बघायचीत.